वाघ एक, कथने तीन : टिपेश्वर आणि मराठी अरण्यगद्यातील निवेदक

१

मराठीतील अरण्यविषयक गद्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन कसोट्यांच्या आधारे होत आली आहे. निरीक्षण किती सूक्ष्म आहे, ही पहिली. आणि भाषा किती चित्रदर्शी आहे, ही दुसरी. या दोन्ही कसोट्या गैर नाहीत. परंतु त्यांच्यामुळे एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. या गद्यातील निवेदक नेमका कोठे उभा असतो? तो रानात कोणाच्या परवानगीने आला आहे, किती काळ राहणार आहे, आणि त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येणारी माणसे तेथे कोणत्या नात्याने येतात? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) चर्चा करताना बाहेरून आलेल्या तरुण शाळामास्तराच्या दृष्टिकोनाकडे दुर्लक्ष करणे कोणाही समीक्षकाला शक्य होत नाही. त्याच लेखकाच्या 'नागझिरा'कडे (१९७९) वळताच मात्र हा प्रश्न जणू अप्रस्तुत ठरतो. धनगरांच्या वाडीत उपरा असलेला निवेदक आपल्याला दिसतो. रानात उपरा असलेला निवेदक दिसत नाही. रान हे कोणाचेही गाव नाही, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या दक्षिणेस, पांढरकवड्याजवळ, १९९७ साली घोषित झालेले टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर. प्रकृती शुष्क पानझडीची, सागाचे प्राबल्य असलेली. नाव टिपाई या देवीवरून आलेले. ते राष्ट्रीय उद्यान नाही, व्याघ्र प्रकल्पही नाही. तरीही वाघ पाहण्याच्या ओढीने येणाऱ्या पर्यटकांच्या नकाशावर त्याने ताडोबाच्या पाठोपाठ जागा मिळवली आहे. याच परिसरात २०१६ ते २०२० या अवघ्या चार-पाच वर्षांत वाघाविषयीची तीन वेगवेगळी कथने सार्वजनिक झाली. अभयारण्याच्या आत ते दर्शनाचे कथन होते. अभयारण्याबाहेर, राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात, ते शिकारीचे झाले. आणि टिपेश्वरातून निघालेल्या एका तरुण नराच्या निमित्ताने ते प्रवासाचे झाले. प्राणी एकाच जातीचा, भूमी जवळपास तीच. बदलला तो कथनप्रकार. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या तिन्ही कथनप्रकारांची रचना मराठी अरण्यगद्याने आधीच परिचित करून ठेवलेल्या एका निवेदकावर उभी आहे. हा निवेदक रानात येतो आणि परत जातो. जो परत जाऊ शकत नाही, ज्याचे घर, शेत आणि गुरे तेथेच आहेत, त्याच्यासाठी या तिन्ही कथनांत निवेदकाची जागा नाही. ही उणीव केवळ सामाजिक नव्हे, तर वाङ्मयीनही आहे.

२

प्रथम सफारीकडे एक संहिता म्हणून पाहू. शब्दापासूनच प्रारंभ करणे इष्ट ठरेल. अरबीतून आलेला 'सफर' हा शब्द मराठीला जुना आहे. त्यात प्रवास आहे, क्वचित जलप्रवास आहे. त्याच अरबी मुळापासून स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला, तेथेही त्याचा अर्थ प्रवास एवढाच होता. पूर्व आफ्रिकेतील वसाहतकाळात इंग्रजीने तो उचलला तेव्हा त्याला बंदूक, तंबू आणि ओझेवाल्यांची रांग जोडली गेली. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि शब्द आपल्याकडे परतला तो या सगळ्या सामानासह. ज्या भाषेत 'सफर' होता, 'फेरी' होती, 'रानभूल' होती, तिने 'सफारी' स्वीकारला, कारण तिला एका नव्या कृतीसाठी नाव हवे होते. वाहनातून न उतरता रान पाहणे ही ती कृती. त्या वाहनाचे नाव 'जिप्सी' असावे, हा भाषेने केलेला आणखी एक विनोद. पाडगावकरांच्या कवितेने ज्या शब्दाला मराठी मनात भटक्या वृत्तीचा अर्थ दिला, तो शब्द येथे आखून दिलेल्या रस्त्यावरून, ठरलेल्या वेळेत, मोजक्या माणसांना फिरवून आणणाऱ्या गाडीला लागला आहे.

या संहितेची घडण अत्यंत काटेकोर आहे. सुन्ना किंवा माथनी यांसारखे प्रवेशद्वार, ओळखपत्राची तपासणी, सकाळची किंवा दुपारची फेरी, वाहनात बसलेला स्थानिक मार्गदर्शक, ठरलेला रस्ता, पाणवठा, प्रतीक्षा, आणि ठरावीक वेळी द्वाराबाहेर पडणे. बाख्तिनने कादंबरीच्या संदर्भात कालावकाशाची जी कल्पना मांडली, तिचे हे जवळजवळ शुद्ध उदाहरण म्हणावे लागेल : येथे काळ तासांत मोजलेला आहे, अवकाश रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दृष्टी पोहोचेल तेवढाच आहे, आणि दोघांचा संगम एकाच घटनेत व्हायचा आहे. ती घटना म्हणजे वाघ दिसणे. चितळ, नीलगाय, अस्वल, मोर हे सारे या कथनात उपकथानक म्हणूनही उरत नाहीत. त्यांना चिन्हांचे काम मिळते. चितळाने दिलेला इशारा हा चितळाविषयी काही सांगत नाही; तो वाघाविषयी सांगतो. सारे रान एका नायकाच्या प्रवेशाची पूर्वसूचना होऊन बसते.

या घटनेसाठी मराठी पर्यटक सहजपणे 'दर्शन' हा शब्द वापरतो. 'आज दर्शन झाले नाही' हे वाक्य द्वाराबाहेर नित्य ऐकू येते. हा शब्द निष्पाप नाही. देवळातील दर्शनात भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो, अशी श्रद्धा असते. नजरेची देवाणघेवाण हा दर्शनाचा गाभा आहे. सफारीतील दर्शनात मात्र आदर्श स्थिती अशी की, वाघाने आपल्याकडे पाहू नये. त्याने नेहमीप्रमाणे चालावे, पाणी प्यावे, आणि आपण नसल्यासारखे असावे. जॉन बर्जर यांनी 'अबाउट लुकिंग' (१९८०) या संग्रहातील प्राण्यांविषयीच्या निबंधात आधुनिक माणूस आणि प्राणी यांच्यातील नजरभेट संपुष्टात आल्याचे म्हटले आहे. त्यांच्यासमोर प्राणिसंग्रहालय होते. सफारीत पिंजऱ्याची जागा गाडीने घेतली आहे आणि तीत माणूस बसला आहे, एवढा फरक पडतो. 'दर्शन' हा शब्द या एकतर्फी पाहण्याला श्रद्धेचे पांघरूण घालतो.

या संहितेचा खरा निवेदक कोण, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. वरवर पाहता पर्यटक. कारण घरी जाऊन हकीकत तोच सांगणार. प्रत्यक्षात पावलांचे ठसे वाचणारा, इशाऱ्याची दिशा ओळखणारा, कोठे थांबायचे हे ठरवणारा मार्गदर्शक हाच कथन रचत असतो. तो बहुधा अभयारण्यालगतच्या गावचा तरुण असतो. परंतु त्याला जी भाषा बोलावी लागते ती त्याची नसते. 'कॉल', 'मूव्हमेंट', 'साइटिंग', 'मेल', 'सबअडल्ट' या शब्दांची एक मर्यादित परिभाषा त्याने आत्मसात केलेली असते. संध्याकाळी घरी गेल्यावर तोच तरुण त्याच वाघाविषयी वेगळ्या शब्दांत बोलतो : तुरीच्या शेतात कोणी पाहिला, जागलीला जायचे की नाही, गाय कोणाची गेली. एकाच मुखातून येणाऱ्या या दोन भाषांपैकी पहिली सफारीच्या संहितेत उतरते, दुसरी द्वाराशीच थांबते.

३

हा पर्यटक-निवेदक आकाशातून पडलेला नाही. मराठी वाचकाच्या मनात त्याची मुळे साहित्याने रुजवली आहेत. अर्थात येथे सरसकट विधान करणे अन्यायाचे होईल, कारण ज्यांना आपण अरण्यगद्याचे प्रमुख लेखक मानतो ते सफारीपासून बरेच दूर आहेत.

'नागझिरा'तील निवेदक फेरीला आलेला नाही, मुक्कामाला आलेला आहे. तो पायी हिंडतो, पाणवठ्याजवळ बसून राहतो, जे दिसेल त्याची नोंद करतो, रेखाटने करतो. वाघ दिसणे ही त्याच्या कथनाची अट नाही. मुक्काम आणि फेरी यांतील हा भेद केवळ कालावधीचा नसून रचनेचा आहे. मुक्कामाच्या कथनात काहीही न घडलेला दिवसही मजकूर होऊ शकतो. फेरीच्या कथनात तो वाया गेलेला दिवस ठरतो. या अर्थाने 'नागझिरा' ही सफारीची पूर्वसंहिता नसून तिच्यावरची आगाऊ टीकाच आहे. तरीही एक गोष्ट उरते. या पुस्तकाची मूळ प्रेरणा शहरापासून दूर जाण्याची आहे. रान हे येथे 'दुसरे ठिकाण' आहे. आणि दुसऱ्या ठिकाणाची व्याख्याच अशी की, तेथून परत यायचे असते. अध्यापनात हे पुस्तक घेतले की, रानालगतच्या गावांतून आलेले विद्यार्थी एक साधा प्रश्न विचारतात : लेखक बसून पाहतो आहे तेव्हा पाणी कोण भरतो, चूल कोण पेटवतो, आणि तो माणूस त्याच रानाकडे कसा पाहतो? हा प्रश्न भाबडा वाटतो, पण कथनमीमांसेच्या भाषेत तो दृष्टिकेंद्राचाच प्रश्न आहे.

'सत्तांतर' (१९८२) या लघुकादंबरीत माडगूळकरांनी या कोंडीवर एक असामान्य उपाय शोधला. त्यांनी पाहणारा माणूसच काढून टाकला. वानरांच्या टोळ्या, त्यांचे संघर्ष, सत्ता बदलताना होणारी पिलांची हत्या हे सारे एका तटस्थ तृतीयपुरुषी निवेदनातून येते. वानरांना मिळालेली नावेही संस्कृतप्रचुर नाहीत. गावात माणसाला अंगलक्षणावरून टोपणनाव पडावे तशी ती आहेत. १९८३ च्या साहित्य अकादेमी पुरस्काराने या कृतीचे मोल मान्य केले. परंतु पाहणारा नाहीसा केल्याने पाहण्याचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ अदृश्य होतो.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे स्थान याहून वेगळे आहे. ते वनाधिकारी होते. दशकानुदशके रानात राहिले. 'रानवाटा' (१९९१), 'रातवा' (१९९३) यांसारखी पुस्तके आणि 'चकवाचांदण' हे आत्मकथन यांतील निवेदक पाहुणा नाही. रानातल्या माणसांकडून आपण शिकलो, याची कृतज्ञ नोंद तो वारंवार करतो; आदिवासी, धीवर, पारधी यांच्या ज्ञानाला मराठी गद्यात एवढी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल. मात्र या ज्ञानाचे रूपांतर कसे होते, तेही पाहिले पाहिजे. चितमपल्लींनी मराठीला दिलेले 'काकागार' आणि 'सारंगागार' हे शब्द सुंदर आहेत, अन्वर्थक आहेत. पण ते संस्कृतातून घडवलेले आहेत. माहिती रानातल्या माणसाची आणि संज्ञा अभिजात भाषेची, असा हा करार आहे. त्यात सांगणारा माणूस ज्ञानाचा स्रोत म्हणून मानाने येतो, निवेदक म्हणून येत नाही. माडगूळकरांचा पाहुणा आणि चितमपल्लींचा अधिकारी हे आपल्या अरण्यगद्याचे दोन श्रेष्ठ निवेदक आहेत. तिसरा, म्हणजे रहिवासी, अजून माहिती देणाऱ्याच्या भूमिकेतून पूर्णपणे बाहेर आलेला नाही.

४

अभयारण्याची सीमा ओलांडली की, वाघाचे कथन बदलते. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरातील १३ माणसांचे मृत्यू एका वाघिणीशी जोडले गेले. ती टिपेश्वरच्या संरक्षित क्षेत्रात राहत नव्हती. झुडपी जंगल, कापूस-तुरीची शेते आणि गावे यांच्या सरमिसळीत तिचा वावर होता. मारले गेलेले लोक गुरे राखणारे, शेतात राबणारे होते. तिला मारण्याचा आदेश न्यायालयात आव्हानित झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. त्यानंतर जी मोहीम झाली तिच्यात कॅमेरा-सापळे, ड्रोन, हत्ती आणि शिकारी कुत्री होती, एवढेच नव्हे तर वाघिणीला आकर्षित करण्यासाठी एका परदेशी बनावटीच्या अत्तराचाही उपयोग झाला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का, यावर पुढे बराच काळ वाद चालला. तिच्या दोन बछड्यांपैकी मादीला डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेण्यात आले.

या प्रकरणातील बरोबर-चूक ठरवणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय आहे तो नामकरणाचा. या एकाच प्राण्याला चार भाषांनी चार प्रकारे संबोधले. वनविभागाच्या भाषेत ती 'टी-१' होती. कायद्याच्या भाषेत ती 'मानवी जीवितास धोकादायक' होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमाची ही परिभाषा कोरडी आहे, पण तीत कथा नाही. वृत्तपत्रांच्या भाषेत ती 'नरभक्षक' झाली. हा शब्द कायद्यातून येत नाही, जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'ने (१९४४) घडवलेल्या शिकारकथेच्या परंपरेतून येतो, आणि येताना एकटा शिकारी, भेदरलेला गाव व अखेरची गोळी हे सारे कथानक बरोबर घेऊन येतो. आणि तिला वाचवू पाहणाऱ्यांच्या भाषेत ती 'अवनी' झाली.

'अवनी' म्हणजे पृथ्वी. शब्द तत्सम आहे, मुलीचे नाव म्हणून आजच्या शहरी मध्यमवर्गात रूढ आहे. या नावाने वाघीण एका क्षणात नायिका झाली, माता झाली, अन्यायाची बळी झाली. तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, देशभर पत्रके निघाली. याउलट मृत माणसांचे काय झाले? त्यांची नावे बातम्यांत आली, पण सार्वजनिक स्मृतीत ती उरली 'तेरा' या संख्येच्या रूपात. संख्यावाचक विशेषण हे नामाचे काम करू लागले. व्याकरणातील हा बदल करुण आहे. ज्या कथनात पशूला विशेषनाम आणि माणसाला संख्या मिळते, त्याची संवेदना कितीही प्रामाणिक असली तरी तिचे वितरण विषम आहे, असे म्हणणे भाग आहे.

या नामकरणाच्या पलीकडे एक पाचवा संकेत होता, तो म्हणजे नाव न घेण्याचा. रानालगत राहणाऱ्या अनेक समाजांत, विशेषतः रानात असताना, वाघाचा थेट उच्चार टाळतात. 'जनावर', 'मोठं जनावर' असे आडून म्हणतात, किंवा 'वाघोबा' म्हणून आदरार्थी प्रत्यय जोडतात. यात भीती आहे, आदर आहे, आणि शेजार आहे. तिन्ही एकाच वेळी. 'नरभक्षक'मध्ये फक्त भीती उरते, 'अवनी'मध्ये फक्त प्रेम उरते. या दोन्ही एकेरी भावनांना परवडते ते एकाच स्थितीत : बोलणाऱ्याला उद्या पहाटे त्याच वाटेने शेतावर जायचे नसेल तर. शेजाऱ्याची भावना एकेरी असू शकत नाही. आणि मिश्र भावना हाच तर साहित्याचा प्रदेश आहे. म्हणजे या प्रकरणातील सर्वांत वाङ्मयीन शब्द सर्वांत कमी ऐकला गेला.

अमित मसुरकर यांच्या 'शेरनी' (२०२१) या हिंदी चित्रपटाची तुलना या प्रकरणाशी वारंवार झाली. त्यात वाघिणीचे सांकेतिक नाव 'टी-१२' आहे आणि तिचे नायिकाकरण कटाक्षाने टाळलेले आहे. गावकरीही केवळ जमाव म्हणून येत नाहीत. चित्रपटाचा हा संयम स्पृहणीय आहे. तरीही दृष्टिकेंद्र कोणाकडे सोपवले आहे, हे पाहता उत्तर ओळखीचे निघते : वनाधिकाऱ्याकडे. पाहुणा नसेल तर अधिकारी, ही जोडी चित्रपटालाही मोडता आलेली नाही.

५

तिसरे कथन प्रवासाचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरात एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. त्याचे सांकेतिक नाव 'सी-१'. स्वतःचा प्रदेश शोधत तो अभयारण्याबाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातील अनेक जिल्हे पार करीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून, डिसेंबर २०१९ च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या भटकंतीसह त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली. माध्यमांनी त्याला 'वॉकर' हे नाव दिले.

कथनाच्या दृष्टीने हे उदाहरण अपूर्व आहे, कारण येथे निवेदक माणूस नाहीच. ते काम कॉलर करते. उपग्रहाद्वारे मिळालेल्या ५,००० हून अधिक स्थाननोंदी एकापुढे एक मांडल्या की, जी रेषा तयार होते तीच कथा. तीत हेतू नाही, संवाद नाही, वर्णन नाही. पण वाचकाने या रिकाम्या रेषेत तत्काळ एक पुराणकथा वाचली : घर सोडून निघालेला तरुण, जोडीदाराचा शोध, वनवास. कथनप्रकाराची मागणी किती प्रबळ असते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

तथापि या रेषेचे खरे मोल दुसरेच आहे. ती अभयारण्यांना जोडते, पण बहुतांशी जाते ती अभयारण्याबाहेरून : शेतांमधून, कालव्यांकाठून, रस्ते ओलांडत, बहुधा रात्री. म्हणजे आत दर्शन आणि बाहेर शिकार, अशी जी विभागणी पहिल्या दोन कथनांनी केली होती, ती या तिसऱ्या कथनाने खोटी ठरवली. वाघाला द्वार ठाऊक नाही. आणि एवढ्या प्रदीर्घ वाटचालीत झुडपात शिरलेल्या लोकांपैकी एक जण जखमी झाल्याचा एक प्रसंग सोडला तर माणसांशी त्याचा संघर्ष झाला नाही. या वस्तुस्थितीचे श्रेय वाघाच्या सावधपणाला दिले गेले, ते योग्यच. परंतु त्या रेषेखाली जी गावे होती, ज्यांच्या पऱ्हाटीतून तो रात्री गेला, त्यांचेही काही श्रेय असेल की नाही? रेषेला रुंदी नसते, असे भूमिती सांगते. 'वॉकर'च्या कथनालाही रुंदी नाही. तिच्या दोन्ही बाजूंची माणसे नोंदींत आलेली नाहीत. कॉलरकडून ती अपेक्षा करता येणार नाही. साहित्याकडून करता येते.

६

वाघिणीच्या मृत्यूनंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत, यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यामुळे उठलेल्या वादळानंतर उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. मराठी साहित्याच्या मंचावर या जिल्ह्यातील एका रहिवाशाने प्रथमपुरुषी निवेदन केले, आणि सभागृहाने ते ऐकले. कापसाच्या यवतमाळला त्या दिवशी निवेदक मिळाला. रानाच्या यवतमाळला तो अद्याप मिळायचा आहे. वास्तविक हे दोन यवतमाळ वेगळे नाहीत. वाघाच्या वाटेवर गुरे राखणारा आणि कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. आपल्या वाङ्मयव्यवहाराने मात्र त्यांच्यासाठी दोन कप्पे केले आहेत : एकाचा समावेश ग्रामीण साहित्यात, दुसऱ्याचा निसर्गलेखनाच्या पार्श्वभूमीत.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, ही मागणी वाङ्मयबाह्य आहे. ज्याला जे दिसते ते त्याने लिहावे, आणि पाहुण्याचे लेखन पाहुण्याचे म्हणून उत्तम असू शकते. आक्षेपाचा उत्तरार्ध मान्यच आहे. 'नागझिरा'ची थोरवी कोणी नाकारत नाही. पूर्वार्ध मात्र टिकत नाही. कोणत्या नात्याने पाहिले जाते, त्यावर काय दिसते हे ठरते, हे कथनमीमांसेचे प्राथमिक तत्त्व आहे. पाहुण्याला रान विश्रांतीसारखे दिसते, अधिकाऱ्याला जबाबदारीसारखे, शिकाऱ्याला आव्हानासारखे. रहिवाशाला ते शेजारासारखे दिसते. आणि शेजार या नात्यात जी गुंतागुंत आहे, जे देणे-घेणे, भय आणि सवय आहे, ती आपल्या अरण्यगद्यात अजून पुरेशी उतरलेली नाही. म्हणजे मागणी न्यायाची असली तरी तिच्यामागचे कारण कलेचे आहे : एक संपूर्ण भावानुभव भाषेबाहेर राहिला आहे.

तो भाषेत येण्याची चिन्हे नाहीत असे नव्हे. यवतमाळच्याच भुजंग मेश्राम यांनी 'उलगुलान' (१९९०) या संग्रहातून आदिवासी जाणिवेची कविता लिहिताना रानाकडे 'दुसरे ठिकाण' म्हणून पाहण्याचे नाकारले आणि प्रमाण मराठीच्या काठावरच्या बोलींना कवितेत स्वतःच्या हक्काने उभे केले. गद्यात असे काही घडायचे तर प्रश्न अधिक बिकट होतो. या जिल्ह्यात पोडांवर राहणारा कोलाम समाज घ्या. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिला स्वतंत्र लिपी नाही. वाघाविषयी कोलामीत जे बोलले जाते ते मराठीत येईल तेव्हा संस्कृत घडणीच्या संज्ञांत येईल, सरकारी सांकेतिक क्रमांकांत येईल, की तिसऱ्याच एखाद्या मराठीत? ही तिसरी मराठी घडवणे हे येत्या काळातील लेखकांचे काम आहे. पण ती लिहिली गेल्यावर तिला 'माहिती' किंवा 'लोकसाहित्याचे संकलन' अशा खात्यांत न टाकता निवेदन म्हणून वाचणे, हे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी नव्या लेखकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या दृष्टीने पदव्युत्तर अभ्यासकांना एक कार्यक्रम सुचवता येईल. अरण्यविषयक कोणतीही संहिता हाती घेतली की, निवेदकाला तीन प्रश्न विचारावेत : तू येथे कसा आलास, परत कधी जाणार, आणि तुला वाट कोणी दाखवली? पहिल्या प्रश्नाने परवानगीचे राजकारण उघड होईल, दुसऱ्याने काळाची रचना, आणि तिसऱ्याने संहितेत दडलेला दुसरा निवेदक. टिपेश्वरच्या सफारीत तो पर्यटकाच्या पुढे, चालकाच्या शेजारी बसलेला असतो. त्याने काय पाहिले, हे आपल्याला अंशतः कळते, कारण ते त्याने आपल्या भाषेत सांगितलेले असते. त्याच्या भाषेत तो काय सांगतो, ते ऐकण्याची सोय फेरीच्या वेळापत्रकात नाही. ती वाङ्मयाने आणि समीक्षेने करायची आहे.